शरीरात उजेड किती खोल जातो?

सोलापूरच्या पेठेत कापड पारखण्याची एक जुनी रीत आहे. ठाण उलगडले की जाणकार व्यापारी त्याचा पदर उजेडासमोर धरतो. वरून एकसारखे दिसणारे कापड उजेडासमोर येताच आपली वीण उघड करते. धागा कुठे तुटला आहे, कुठे विरळ झाला आहे, कुठे गाठ बसली आहे, हे क्षणात कळते. सराफही खडा उजेडाकडे धरून त्यातील रेघ शोधतो. मग माणसाच्या शरीरातील गाठ अशीच उजेडात धरून का पाहता येऊ नये? वैद्यकशास्त्र हा प्रश्न गेली सुमारे शंभर वर्षे विचारीत आहे. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग सोलापूर जिल्ह्यातच, बार्शी येथे, लिहिला गेला आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रकाशाच्या साहाय्याने कर्करोगाचे निदान होणार, अशा बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. ना सुई, ना चिरफाड, ना क्ष-किरण, केवळ प्रकाश. अशा बातमीने आशा वाटते आणि थोडी दिशाभूलही होते. यातील कोणती गोष्ट सिद्ध झाली आहे, कोणती अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे आणि कुटुंबाने आज नेमके काय करावे, याचा हिशेब नीट मांडून पाहणे आवश्यक आहे.

रक्त, पाणी आणि मधली खिडकी

अंधाऱ्या खोलीत पेटत्या विजेरीवर बोटे घट्ट ठेवली तर ती लालभडक दिसतात. विजेरीचा प्रकाश पांढरा असतो, म्हणजे त्यात सर्व रंग असतात. त्यांतील निळा आणि हिरवा रंग रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते; लाल तेवढा पार होतो. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश त्याहूनही सहजतेने आत शिरतो. त्यापुढे गेले की शरीरातील पाणी प्रकाश शोषू लागते. रक्त आणि पाणी या दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, एक खिडकी उघडी राहते. या खिडकीतून मेंदूतील ऑक्सिजनचा अंदाज बाहेरून घेता येतो, हे फ्रान्स यॉब्सिस या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये अमेरिकेत दाखवून दिले.

या शास्त्राचे एक उपकरण आज घरोघरी आहे. कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, प्रत्येक कुटुंबाने जे बोटाला लावले ते ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालते. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये त्याची कल्पना मांडली. त्यात एक लाल आणि एक अवरक्त असे दोन दिवे असतात. ऑक्सिजनने भरलेले रक्त आणि ऑक्सिजन गमावलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून आकडा निघतो.

गाठीच्या बाबतीतही हाच फरक उपयोगी पडतो. वाढणारी कर्करोगाची गाठ आपल्या पोषणासाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते. त्यामुळे तेथे हिमोग्लोबिन अधिक साठते आणि पुष्कळदा ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते. म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने ती जागा आजूबाजूच्या निरोगी भागाहून निराळी असते. तत्त्व इतके सरळ आहे. अडचण पुढे येते.

पाण्याचा पेला आणि दुधाचा पेला

काचेच्या पेल्यात पाणी भरून त्यापलीकडे नाणे ठेवले तर ते स्पष्ट दिसते. पाण्याऐवजी दूध भरले तर पेला उजळतो, पण नाणे दिसत नाही. दुधाने प्रकाश गिळलेला नसतो. असंख्य सूक्ष्म कणांवर आपटून तो वाट चुकलेला असतो. मानवी शरीर प्रकाशाच्या दृष्टीने दुधासारखे आहे. क्ष-किरण बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून त्यांची स्वच्छ सावली पडते. प्रकाश विखुरतो, म्हणून त्याची सावली पुसट होते.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक मॅक्स कटलर यांनी १९२९ मध्ये अंधाऱ्या खोलीत प्रखर दिव्याच्या साहाय्याने स्तनातील गाठी पाहण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. पाण्याने भरलेली गाठ उजळत असे, भरीव किंवा रक्ताने भरलेली गाठ काळी दिसत असे. मात्र लहान गाठ त्या पुसट उजेडात हरवून जाई, आणि नेमक्या लहान गाठीच वेळीच सापडायला हव्या असतात. पुढे क्ष-किरणांवर आधारलेल्या मॅमोग्राफीने ही जागा घेतली.

आता संगणकामुळे त्या जुन्या कल्पनेला नवे बळ मिळाले आहे. त्वचेवर अनेक ठिकाणांहून निकट-अवरक्त प्रकाश सोडायचा, अनेक ठिकाणी तो टिपायचा आणि कोठून किती प्रकाश आला यावरून आतील चित्र गणिताने उभे करायचे, अशी ही पद्धत आहे. तिला डिफ्यूज ऑप्टिकल टोमोग्राफी म्हणतात. चित्र धूसर असते. परंतु त्यात किरणोत्सर्गाचा धोका नसल्याने तपासणी पुनःपुन्हा करता येते. म्हणून केमोथेरपी सुरू असताना स्तनातील गाठ औषधाला दाद देते आहे की नाही, हे पाहण्यासाठी तिचा अभ्यास चालू आहे.

दुसरी वाट अधिक कल्पक आहे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८० मध्ये आढळले की, तुटक तुटक प्रकाश एखाद्या वस्तूवर पाडला तर तिच्यातून ध्वनी निघतो. प्रकाशाने वस्तू किंचित तापते, फुगते आणि लहर उठते. शरीरात लेसरचे क्षणिक झोत सोडले तर रक्त अशीच सूक्ष्म लहर सोडते आणि अल्ट्रासाउंडचे यंत्र ती ऐकते. आत जाताना प्रकाश विखुरला तरी बाहेर येणारा ध्वनी त्या मानाने फारच कमी विखुरतो, म्हणून चित्र स्पष्ट होते. स्तनातील गाठीचे स्वरूप ठरविण्यासाठी, अल्ट्रासाउंडच्या जोडीला वापरायच्या अशा एका यंत्राला अमेरिकेने २०२१ मध्ये मान्यता दिली.

या सर्व पद्धतींची मर्यादा एकच आहे. बाहेरून सोडलेला प्रकाश उपयोगी माहिती घेऊन येतो तो काही सेंटिमीटरपर्यंतच. त्यापुढे तो इतका क्षीण होतो की गणितही हात टेकते. स्वादुपिंडासारखा पोटात खोलवर दडलेला अवयव त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. प्रख्यात अभिनेत्री नर्गिस यांचे ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्याच कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले रुग्णालय बार्शीत आहे. आणि प्रकाश जेथपर्यंत पोहोचतो तेथे त्याचा उपयोग किती, याची देशातील एक मोठी कसोटी त्याच रुग्णालयाने घेतली.

बार्शीचा धडा

नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे कार्य डॉ. भगवान नेने यांच्या नावाशी जोडलेले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्याने १९८७ मध्ये बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील गावागावांत कोणाला कोणता कर्करोग झाला, याची ती वही होती. शहरात रुग्णालयांच्या दप्तरांतून नावे मिळतात. खेड्यात रुग्ण रुग्णालयात जातच नव्हता, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. लोकांना लक्षणे समजावून सांगू लागले, ज्या स्त्रियांना त्रास होता त्यांना तपासणीस येण्याची विनंती करू लागले.

याचा परिणाम आकड्यांत उतरला. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. त्याविषयीचा शोधनिबंध १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवे यंत्र आलेले नव्हते. कोणीतरी दारात येऊन स्पष्ट शब्दांत बोलले होते.

त्यानंतर १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन हे तिचे प्रमुख संशोधक होते. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तिच्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात प्रकाश आणि व्हिनेगर यांची तपासणी, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था, असे त्यांचे स्वरूप होते.

तिसरी पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गर्भाशयाच्या मुखावर व्हिनेगरमध्ये असते त्याच ॲसेटिक आम्लाचे सौम्य द्रावण लावतात, एक मिनिट थांबतात आणि प्रखर दिव्याखाली पाहतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडू लागलेल्या पेशींत केंद्रकाचा आणि प्रथिनांचा भाग अधिक असतो. आम्लामुळे तो काही काळ गोठल्यासारखा होतो. मग प्रकाश आत न शिरता परत फिरतो आणि ती जागा पांढरी दिसते. कर्करोग होण्यापूर्वीची, साध्या डोळ्यांना न कळणारी अवस्था अशा रीतीने दिव्याखाली उघड होते. ना प्रयोगशाळा लागते, ना अहवालाची प्रतीक्षा करावी लागते.

चाचणीचा निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत नेहमीच्या व्यवस्थेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ दगावल्या. आयुष्यात एकदाच झालेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दिवा आणि व्हिनेगर यांच्या गटात ३४,०७४ पैकी ५६ मृत्यू झाले. ही घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतकी नव्हती. एकदाच पाहिलेल्या उजेडाने पुरेसा बचाव झाला नाही, हा निष्कर्ष संशोधकांनी प्रामाणिकपणे जगापुढे ठेवला.

मुंबईतील टाटा मेमोरियल केंद्राच्या चाचणीने चित्राची दुसरी बाजू दाखविली. १९९८ मध्ये तेथील वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांबाबत ती सुरू झाली. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली दिवा आणि व्हिनेगर यांचीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा करण्यात आली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे कसून प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

बँकेच्या व्यवहारात एखादे खाते एकदा तपासले आणि ते चांगले आढळले, म्हणून पुढील दहा वर्षे त्याकडे पाहायचे नाही, असे कोणी करीत नाही. दोन चाचण्यांत पद्धत तीच होती. मुंबईत तपासणारा डोळा तयार होता आणि तो ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा पाहत होता. म्हणून या दोन चाचण्यांचा अर्थ शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवा. चांगली चाचणी एकदा झाली तरी मोठा लाभ होतो. साधी चाचणी करायची असेल तर तिला नियमितपणाची जोड द्यावीच लागते.

मुख: उजेडाला सर्वांत सोपी जागा

प्रकाशाला सर्वांत सहज पोहोचता येते ते तोंडात; आणि तंबाखू, मावा, सुपारी यांच्यामुळे भारतात मुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी दुकानाच्या गल्ल्यामागे बसून दिवसभर काहीतरी चघळण्याची सवय गेलेली नाही. तिरुअनंतपुरम येथे १९९६ पासून झालेल्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी उजेडात तोंड तपासले. तंबाखू किंवा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. तिचेही नेतृत्व डॉ. शंकरनारायणन यांच्याकडेच होते.

येथे नवी साधनेही येत आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने ऑन्कोडायग्नोस्कोप नावाचे छोटे उपकरण तयार केले आहे. त्यातील प्रकाश तोंडाच्या अस्तरावर पडला की ते अस्तर स्वतः क्षीण चमकते. निरोगी आणि बिघडलेल्या भागाची चमक वेगळी असते. नवी मुंबईत खारघर येथे टाटा केंद्राच्या संशोधन संस्थेत डॉ. मुरली कृष्ण चिलकपाटी यांच्या गटाने मुखकर्करोगासाठी रामन परिणामाचा उपयोग करण्यावर दीर्घ संशोधन केले आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात लावलेल्या ज्या शोधासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले, तोच हा परिणाम. लेसरचा प्रकाश पेशीतील रेणूंवरून परततो तेव्हा त्याचा रंग किंचित बदलतो. त्या बदलावरून पेशीची घडण ओळखण्याचा हा प्रयत्न आहे. ही साधने डॉक्टरांच्या डोळ्याला मदत करतील. बायोप्सीची जागा त्यांनी घेतलेली नाही.

शस्त्रक्रियेच्या मेजावर

शरीर उघडलेले असते तेव्हा खोलीची अडचण संपते. म्हणून प्रकाशाचा सर्वांत ठोस उपयोग शस्त्रक्रियागृहात झाला आहे. मेंदूतील घातक गाठ आणि निरोगी मेंदू यांची सीमा डोळ्यांना कळत नाही. अधिक कापले तर वाचा किंवा हालचाल जाण्याची भीती, कमी कापले तर गाठ मागे राहण्याची. शस्त्रक्रियेपूर्वी काही तास रुग्णाला अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल हे औषध पिण्यास देतात. गाठीच्या पेशी त्यापासून एक द्रव्य तयार करतात आणि निळ्या प्रकाशात त्या लालसर गुलाबी चमकतात. जर्मनीत वाल्टर श्टुमर यांच्या २००६ मधील चाचणीत ३२२ रुग्ण होते. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात ३६ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. निळ्या प्रकाशाच्या साहाय्याने ६५ टक्क्यांची. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अशाच एका चमकणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

कुटुंबाने काय करावे

पहिली गोष्ट घरच्या घरी होण्यासारखी आहे. महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात, तोंड पूर्ण उघडून गालांच्या आतील बाजू, जीभ, जिभेखालील भाग आणि हिरड्या पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणे यांपैकी काही आढळल्यास तज्ज्ञाकडे जावे. हा उपाय दंतवैद्याच्या तपासणीऐवजी नव्हे, तिच्या जोडीला आहे.

दुसरी गोष्ट घरातील स्त्रियांची. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची दिव्याखालील तपासणी, तसेच सर्वांसाठी मुखाची आणि स्त्रियांसाठी स्तनांची तपासणी शासकीय आरोग्यसेवेतून अपेक्षित आहे. ज्या कुटुंबाला परवडते त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने एचपीव्ही चाचणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्टही स्त्रीची अशी चाचणी निदान पस्तीस आणि पंचेचाळीस या वयांत व्हावी असे आहे. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर कोणत्याही वेळापत्रकाची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. "प्रकाशाने किंवा शरीराच्या उष्णतेच्या चित्राने कर्करोग ओळखतो" असे सांगणाऱ्या शिबिरात पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही तपासणी कोणत्या मान्य तपासणीच्या जोडीला आहे? संशय आला तर पुढची तपासणी कोण आणि कोठे करील? आणि काही आढळले नाही तर पुन्हा केव्हा यावे? उष्णतेची चित्रे मॅमोग्राफीचा पर्याय नाहीत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्टपणे दिलेला आहे. तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर तो पैसा आणि त्याहून मौल्यवान वेळ वाया जातो.

समाजाच्या ट्रस्टतर्फे नेत्रतपासणी, रक्तदान, मधुमेह-तपासणी यांची शिबिरे नियमित होतात. त्यांच्या यादीत मुखाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी घालणे अवघड नाही. त्यासाठी महिला डॉक्टर, आडोशाची खोली आणि संशय आलेल्या प्रत्येकीचा पाठपुरावा करणारी एक जबाबदार व्यक्ती हवी. यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. कारण तपासणीचा कागद कपाटात पडून राहिला तर तिचा काहीच उपयोग नाही.

व्यापारी घरात मालाचा, वसुलीचा, करांचा हिशेब ठरल्या दिवशी होतो. सासूबाईंची किंवा सूनबाईंची तपासणी मात्र लग्नसराई, सण, मुलांच्या परीक्षा यांच्या मागे ढकलली जाते. संकोचामुळे ती स्वतः बोलत नाही, आणि दुसरे कोणी विचारत नाही. बार्शी, परांडा आणि भूमच्या खेड्यांत पस्तीस वर्षांपूर्वी परक्या कार्यकर्त्यांनी दारात जाऊन तो विषय काढला आणि कित्येक स्त्रिया वेळेवर रुग्णालयात पोहोचल्या. घरातल्या घरात तोच विषय काढायला पतीला, मुलाला किंवा थोरल्या जाऊबाईंना कोणाच्या परवानगीची गरज नाही. दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते. त्याच दिवशी घरातील प्रत्येकाच्या पुढील तपासणीची तारीख लिहून ठेवावी, आणि ती वसुलीच्या तारखेइतक्याच काटेकोरपणे पाळावी.